ढोलाला चाल येत नाही

दाजी, मरायला तुम्हाला हाच आठवडा सापडला? अख्खं वर्ष पडलं होतं. होळी होती, पोळा होता, नाताळ तर आपलाच होता. पण बारा महिने झेंड्याची वाट बघणारा माणूस झेंड्याच्या तोंडावर गेला, अन् ऐन पंधरा ऑगस्टच्या सकाळी आम्हाला तुम्हाला मातीत ठेवावं लागलं. तिकडून शाळेतली पोरं पांढरे कपडे घालून निघालेली, इकडून आम्ही पांढरे कपडे घालून निघालेलो. चौकात दोन्ही रांगा समोरासमोर आल्या. तुम्ही पेटीत नसता तर पोट धरून हसला असता.

मी हसलो नाही. खरं सांगतो, लिहायला बसलोय तेही एवढ्यासाठीच, की बोलायला गेलो तर लोक हसायला तयार होऊन बसतात. निलंग्यापासून लातूरपर्यंत या शांतवनाची ख्याती एकच, हा म्हशीला रेडकू झालं हे सांगायला लागला की संपेपर्यंत हत्ती होतो. परवा दु:खाला आलेला एक जण माझ्यापुढं मांडी घालून म्हणतो कसा, "सांगा की मामा, दाजींची एखादी गंमत." अक्का आत बसलेली. तिनं दाराआडून बघितलं. अन् दाजी, आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.

यंदाचं ऊन तुम्ही बघूनच गेलात. श्रावणाच्या तोंडावर चिमण्या पायी चालून राहिल्या, उडाल्या तर पंख पेटायची भीती. तेरणेच्या पात्रात पोरांनी क्रिकेटची खेळपट्टी केली अन् चेंडू हरवला की धूळ शोधत बसतात. तुमची कबर खणायला गेलेल्यांचे दोन टिकाव मोडले, तिसरा जमिनीला नमस्कार करून परत आला. हे थोडं वाढवून सांगतोय. पण तुम्हाला शेवटची आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं, ते वाढवलेलं नाही. टँकर यायचा होता पंधरा तारखेला. अक्का रिकाम्या रांजणात हात घालून नुसती बसली होती. मग गल्लीतून तांब्या-तांब्या पाणी आलं. बुद्धविहाराशेजारच्या घरांतून आलं, पठाणांकडून आलं. अन् सगळ्यात शेवटी हवालदाराची सून डोक्यावर भरली घागर घेऊन आली, खाली ठेवली अन् परत गेली. या दिवसांत भरली घागर म्हणजे घरातलं तीन दिवसांचं पिणं. दाजी, तुम्हाला हवालदाराच्या घरच्या पाण्यानं आंघोळ घातली. ते वर भेटले असतील तर सांगा त्यांना.

हवालदार म्हटलं की ती सकाळ आलीच. आपल्या दोघांचं आयुष्य त्या सकाळच्या अलीकडं अन् पलीकडं असं फाटलेलं आहे.

लातूर जिल्हा झाला तो पंधरा ऑगस्ट. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून गाव नुसतं उधळलं होतं. मी नुकताच तुमच्या बँडात शिरलो होतो, बायकोचा भाऊ म्हणून कुठंतरी लावायचा तर गळ्यात मोठा ढोल अडकवलात. तो ढोल एवढा, की आत एखादं बिऱ्हाड भाड्यानं राहिलं असतं. तुम्ही पुढं ट्रंपेट घेऊन. तुम्ही फुंकला की गाल असे फुगायचे की टोपी वर उचलली जायची, अन् सूर किल्लारीपर्यंत जाऊन तिथल्या म्हशींना कान टवकारायला लावून परत यायचा. आदल्या दिवशी कचेरीतला कारकून घरी आला अन् त्यानं तुमच्या हातावर सुपारी ठेवली. झेंड्याला तुमचा बँड.

बँडवाल्याला सुपारी देऊन बोलवायचं ही रीत सगळ्या मुलखाची, पण तुमच्या घरात ती नुसती रीत नव्हती. तुमचे वडील आधी हलगी वाजवायचे. सणावाराला मोठ्या घरांच्या दारात वाजवायची अन् वरून टाकलेली भाकर ओंजळीत झेलायची. मग त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अन् मिशनच्या मडमेनं त्यांना ट्रंपेट दिला. "हातात दिला," असं तुम्ही सांगायचा, अन् दर वेळी स्वत:चा उजवा हात पुढं करून दाखवायचा. "टाकला न्हाई, शांत्या. हातात दिला." त्या दिवसापासून त्यांनी नेम केला, बोलावल्याशिवाय वाजवायचं नाही अन् सुपारी हातावर ठेवल्याशिवाय उठायचं नाही. कारकून गेल्यावर तुम्ही ती सुपारी अक्काच्या देव्हाऱ्यात, म्हणजे आपल्या बायबलच्या फळीवर ठेवलीत. अक्का म्हणाली, सुपारी काय पवित्र झाली का. तुम्ही म्हणालात, सरकारची आहे.

सकाळी कचेरीपुढच्या मैदानात गेलो तर आपल्यासाठी खुर्च्या. सतरंजी नाही, खुर्च्या. तुम्ही बराच वेळ त्यांच्याकडं बघत उभे होता, कोणीतरी बसा म्हणेपर्यंत. मग बसलात ते असे, की खुर्चीला आपलं वजन कळू नये. पाहुणे मोठे होते, म्हणजे उशिरा येणार होते. आपल्याकडं वाजवायला एक परेडची चाल, लग्नातली सिनेमाची गाणी अन् चर्चमधली गायनं. परेडची चाल वाजवून वाजवून झिजली. सिनेमाचं गाणं तुम्ही झेंड्यापुढं वाजवेनात. तेवढ्यात धुरळा दिसला अन् कारकून धावत आला, "दाविदराव, काहीतरी भारदस्त लावा, साहेब येऊन राहिले."

अन् तुम्ही आपल्याकडची सगळ्यात भारदस्त चाल लावलीत. राजाचं गायन. ईस्टरला आपण उभं राहून म्हणायचो ते, ख्रिस्तराजाचं, मडमेनं तुमच्या वडिलांना शिकवलेलं. तुमची आई शेवटचा श्वास घेताना हेच गायन तिच्या ओठांत होतं, हे चर्चच्या सगळ्या मंडळीला ठाऊक. मी ठोका दिला. या चालीचा ठोका तीनाचा, एक जड अन् दोन हलके, त्याच्यावर पाय पडत नाहीत. पण समोर उभे पोलीस अन् शाळेची पोरं बँड सुरू झाला म्हणून चालायला लागली, अन् जड ठोका एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर येऊन सगळी परेड एकमेकांच्या टाचा तुडवत गुरांच्या बाजारासारखी झाली. साहेब गाडीतून उतरले अन् एवढी गंभीर चाल ऐकून सावधान उभे राहिले. त्यांच्यामागं सगळी कचेरी सावधान. तुम्ही डोळे मिटून वाजवत होता. तुमच्या डोळ्यांपुढं तुमची आई असणार.

पुढच्या रांगेत हवालदार बसलेले. इंग्रजांच्या फौजेत बर्मात लढून आलेला म्हातारा, छातीवर पदकं. ते काठी टाकून ताडकन उठले, कडक सलाम ठोकला, अन् चाल संपेपर्यंत हात खाली आला नाही. संपल्यावर त्या सगळ्या शांततेत ते स्वत:शीच बोलावं तसं म्हणाले, "हे तर इंग्रजाच्या राजाचं गाणं. रोज सकाळी आमाला उभं करायचे याच्यावर."

हे मी सांगायचो तेव्हा स्टँडवर लोक हसून हसून लोळायचे. कारकुनानं खुर्च्या ओढून नेल्या अन् मी तसाच हवेत बसून राहिलो, असं मी सांगायचो. खुर्च्या ओढून नेल्या हे खरं. मागून कोणीतरी म्हणालं, "शेवटी इंग्रजाचीच अवलाद." हे मी स्टँडवर कधी सांगितलं नाही.

दाजी, इंग्रज तुम्ही बघितला होता का कधी? या मुलखावर त्याचं राज्यच नव्हतं. आपले बापजादे निजामाची रयत. देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याला मिळालंच नव्हतं, ते आलं वर्ष उलटल्यावर, सतरा सप्टेंबरला. तुमच्या घराण्यानं बघितलेलं गोरं माणूस म्हणजे ती एक मडम, अन् ती पण अमेरिकेची. हवालदारानं इंग्रजाचा पगार खाल्ला, इंग्रजाची बंदूक चालवली, अन् त्यांची खुर्ची मरेपर्यंत पहिल्या रांगेत राहिली. राहायलाच पाहिजे होती, माणूस सोन्यासारखा. पण आपण नुसती एक चाल वाजवली, ती पण येशूची समजून, तर बुडाखालची खुर्ची गेली. याचा हिशोब मला अजून लागत नाही.

हवालदारांनाही लागला नाही. दुसऱ्याच दिवशी ते तुमच्या ओट्यावर येऊन बसले. "दाविद, तो सलाम गाण्याला नव्हता. सवयीला होता." पुढच्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी ते स्वत:च सुपारी घेऊन आले. मी सरकार न्हाई, पण ही घे, म्हणाले. तुम्ही त्यांच्या पाया पडलात अन् त्यांची मूठ मिटवून दिलीत. "काका, तुमची नको. ज्यांनी खुर्ची नेली त्यांची पायजे."

अन् ती कधी आली नाही.

मी माझ्या परीनं लढलो. स्टँडवर बसून सांगायला लागलो की ती चाल इंग्रजांची नाहीच. मुळात माहूरच्या गडावरच्या गोंधळ्यांची, एका गोऱ्या साहेबानं डोंगराखाली तंबू ठोकून चोरून ऐकली अन् बोटीत घालून विलायतेला नेली. लोकांना पटायला लागलं. एका मास्तरनं तर वर्गात शिकवलं म्हणे. अजून दोन वर्षं सांगत राहिलो असतो तर आपल्या बँडाला माहूरला सन्मानानं बोलावणं आलं असतं. तुम्ही मला घरी बोलावून घेतलंत अन् म्हणालात, "शांत्या, खोट्याला धरून मला झेंड्याजवळ जायचं न्हाई."

"मग खरं बोलून कुठं पोचलात?"

"न्हाई पोचलो."

"मग?"

"मग काय. उभा हाय."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते परवापर्यंत मिटलं नाही. दर पंधरा ऑगस्टला पहाटे तुम्ही चिंच लावून ट्रंपेट घासायचा, तो एवढा चमकायचा की कोंबड्या दोनदा आरवायच्या. कडक इस्त्रीचा ड्रेस घालून ओट्यावर बसायचा. सव्वीस जानेवारीला तसंच. सतरा सप्टेंबरला तसंच. मैदानातून जयहिंद ऐकू आलं की अक्का बाहेर येऊन हळूच म्हणायची, "आता कपडे बदला, चहा घ्या." मी चिडायचो. म्हणायचो, बाकीच्यांना हा दिवस म्हणजे सुट्टी अन् जिलेबी, आपल्यालाच का परीक्षा? नापास केलंय त्यांनी, तुम्ही कशाला दर वर्षी पाटी-पेन्सिल घेऊन बसता? तुम्ही म्हणायचा, परीक्षा न्हाई, सण हाय. मी म्हणायचो, सण आहे तर जा की उठून, सणाला बोलावणं लागतं का. त्यावर तुम्ही म्हणायचा, सणाला लागत न्हाई, बाजावाल्याला लागतं.

मंडळीच्या पंचांनी तर ते गायनच बंद केलं. उगीच कोणाच्या डोळ्यावर यायला नको म्हणून. ईस्टरला दुसरी गायनं आली, पुढं कीबोर्ड आला. तुम्ही मिटिंगमध्ये उठून एकदाच बोललात. उदगीरच्या एका ख्रिस्ती प्रोफेसराकडून तुम्हाला कळलं होतं की अमेरिकेनं इंग्रजाला हाकललं अन् त्याच चालीवर स्वत:च्या देशाचं गाणं बांधलं, मडमेनं ती तिथून आणली. घरी आल्यावर तुम्ही मला विचारलंत, "त्यांनी राजा हाकलला अन् चाल ठेवून घेतली. मी तर राजा बघितला पण न्हाई. मग मीच का टाकू?"

मी म्हणालो, "कारण तुम्ही अमेरिका न्हाई, दाजी. तुम्ही वेशीबाहेरचे दाविदराव."

तुम्ही ट्रंपेटचं तोंड पुसत राहिलात. त्याचं उत्तर तुम्ही देणार असं मला इतकी वर्षं वाटत होतं. बँडातली एकेक माणसं गेली, पोरांनी डीजेच्या गाड्या घेतल्या, मी ढोल माळ्यावर टाकला, अन् उत्तराची वाट बघणं काही सोडलं नाही. आता कोणाला विचारू?

गेल्या महिन्यात दम लागून तुम्ही खाटेला टेकलात. मी येऊन रोज काहीबाही फेकायचो, तुम्ही हसायचा अन् खोकायचा. एक दिवस म्हणालात, हात पुढं कर. केला. तुम्ही उशाखालून सुपारी काढून माझ्या तळव्यावर ठेवलीत. "मला नेताना तीच वाजवा."

मी म्हणालो, "दाजी, मी ढोलवाला. ढोलाला चाल येत न्हाई."

"सुपारी घेतलीस ना?"

"घेतली."

"मग बघ तुझं तू."

मी बघितलं, दाजी. लातूरच्या दोन बँडवाल्यांना फोन केले. चाल म्हणून दाखवा म्हणाले. मी म्हणायला गेलो तर तोंडातून नुसता ठोका बाहेर पडला, धम ढिप ढिप, धम ढिप ढिप. इतकी वर्षं तुमच्या मागं वाजवली, पण माझ्यात उतरलं ते फक्त खालचं. वरचं सगळं तुमच्याजवळ होतं. मंडळीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांना शब्द अर्धवट आठवतात, सूर नाही. अक्काला विचारवेना.

आपले चर्चचे पाळकसाहेब तरुण आहेत, भले आहेत. ते म्हणाले, मामा, एवढंच ना. मोबाईल काढला, बोट फिरवलं अन् चाल निघाली. साताऱ्याची फौज बसेल एवढा वाद्यवृंद, काय त्यांचे बाजे, काय चकाकी. अन् वर पडद्यावर मुकुट घातलेली इंग्रजांची राणी. तुमच्या पेटीजवळ उभं राहून आम्ही दोघं ते बघत होतो. तुमचा सूर शेवटाला थोडा घसरायचा अन् हलगीसारखी एक मुरकी घेऊन सावरायचा, ती तुमच्या वडिलांची होती, मडमेची नव्हती, राणीची तर मुळीच नव्हती. पाळकसाहेबांनी दाराकडं बघत आवाज कमी केला. म्हणाले, "आज पंधरा ऑगस्ट हाय, मामा. कबरस्तान मैदानाला लागून हाय."

मी म्हणालो, बंद करा. ही दाजींची न्हाई.

चूक केली का, दाजी? सांगायला तुम्ही नाहीत.

तरी मी ढोल काढला. उन्हानं कातडं इतकं ताणलं होतं की हात लावला तर ओरडेल. गळ्यात अडकवून तुमच्या मागं चालत राहिलो, न वाजवता. कबरस्तानात उतरवून ठेवला, कारण पेटीचा दोर धरायला माणसं कमी पडली. पाळकसाहेबांनी वचन वाचलं. आम्ही दोर सोडायला लागलो. तुम्ही अर्धे खाली गेलात, अन् भिंतीपलीकडं कर्ण्यावर राष्ट्रगीत सुरू झालं.

सगळे जागच्या जागी थांबले. कोणी सांगितलं नाही. हात खाली घेऊन सावधान उभं राहावं तर हातात दोर, दोर सोडावा तर तुम्ही. दोर धरलेले आम्ही छाती ताठ केली, मान सरळ केली, अन् तुम्ही ना वर ना खाली, मधल्यामध्ये लोंबकळत राहिलात. तळव्यात दोर कापत चालला होता. इतक्या जवळून तुम्हाला झेंड्याचं गाणं इतक्या वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं. मला एकदा वाटलं, आता तरी भिंतीवरून कोणीतरी डोकावेल. कोणी डोकावलं नाही. तिकडून जयहिंद झालं, अन् आम्ही तुम्हाला खाली सोडलं.

माती पडायला लागली तसा वेशीकडून टँकरचा भोंगा वाजला. माणसं चुळबुळायला लागली. मी कोणाला दोष देत नाही, दाजी. आठवड्याचं पाणी होतं. एकेक जण मूठभर माती टाकून, माझ्या खांद्याला हात लावून घागरीकडं पळाला. अक्काला पोरीनं धरून नेलं. पाळकसाहेब शेवटपर्यंत थांबले, मग त्यांनाही घरून फोन आला.

मी ढोल गळ्यात घातला. बोलावल्याशिवाय वाजवायचं नाही हा तुमचा नेम, पण मला बोलावणं होतं, सुपारी खिशात होती. ठोका दिला. एक जड, दोन हलके. एक जड, दोन हलके. तुम्ही सुरुवातीला माझे दोन फेरे जाऊ द्यायचा अन् तिसऱ्याला ट्रंपेट उचलायचा, आठवतं? मी दोन फेरे दिले अन् तुमच्यासाठी जागा सोडली. मैदानावर डीजे सुरू झाला होता. मी परत दोन फेरे दिले, परत जागा सोडली. असं किती वेळ केलं ते मोजलं नाही. सुपारी अजून खिशातच आहे, दाजी, कोणाला परत द्यावी कळत नाही. घेतली होती मी पूर्ण गाण्याची, अन् वाजवलं नुसतं खालचं.